गेमर कोण, नर्ड कोण? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीत आमचं दुकान आहे. पुढं कॉम्प्युटर जोडणी-दुरुस्ती, मागच्या खोलीत ताशी दरानं गेमिंग. पुढच्या काउंटरवर आईवडील येतात, मागच्या खोलीत त्यांची पोरं बसतात, आणि दोन्हीकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

गेमर आणि नर्ड एकच ना?

नाही. दोघंही दार लावून स्क्रीनसमोर बसतात आणि चार हाका मारल्याशिवाय जेवायला उठत नाहीत, म्हणून घरच्यांना सारखेच दिसतात. गेमरला खेळायचं असतं. नर्डला एखादी गोष्ट आतून कशी चालते हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. ती गोष्ट गेमच असली पाहिजे असं नाही. रेल्वेचं वेळापत्रक, बुलेटचा कार्ब्युरेटर, जुने शिलालेख, काहीही चालतं.

शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती बघायला गेला असाल तर हे लगेच पटेल. हौद्यात उतरलेला पैलवान हा गेमर. वर प्रेक्षकांत बसलेले एक आबा असतात. कोणत्या मैदानात कोणी कोणाला ढाक लावून चीत केलं, पट काढताना हरलेल्याचा पाय कुठं चुकला, हे त्यांना तोंडपाठ असतं. ते नर्ड. आबांनी स्वतः जन्मात लांग बांधली नसेलही. आणि तालमीतला वस्ताद हा दोन्ही असतो, म्हणून त्याच्यापुढं सगळे गप्प बसतात.

म्हणजे एकच माणूस दोन्ही असू शकतो?

हो. आणि दोन्हीपैकी काहीच नसलेलेही असतात. तेच जास्त आहेत, ते रील बघतात.

आपलं पोरगं यातलं कोण, हे ओळखायचं कसं?

किती तास बसतो ते मोजू नका, त्यातून काही कळत नाही. हरल्यावर काय करतो ते बघा. "चल भावा, अजून एक" म्हणाला तर गेमर. रिप्ले लावून आपण नेमके कुठून दिसलो, कुठल्या बंदुकीचा रिकॉइल, म्हणजे गोळी सुटताना बसणारा झटका, कसा वर जातो, हे बघत बसला आणि पुढची मॅच विसरूनच गेला, तर त्याच्यात नर्ड आहे.

वडीलमंडळींना त्यांच्याच काळातलं उदाहरण देतो. टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेममध्ये काँट्रा होता. वर-वर-खाली-खाली-डावीकडे-उजवीकडे-डावीकडे-उजवीकडे-बी-ए दाबलं की तीस लाइफ मिळायच्या. गल्लीतल्या सगळ्या पोरांना तो मंत्र पाठ होता, आणि तीस लाइफ घेऊन सगळी खेळायला लागायची. त्या घोळक्यात एखादंच पोरगं विचारायचं, "पण हे बनवणाऱ्यानं असं का ठेवलं असंल?" याचं उत्तर आहे. कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे प्रोग्रामर होते. 1986 च्या सुमाराला ते ग्रॅडियस हा गेम घरगुती कन्सोलसाठी तयार करत होते. तो त्यांना स्वतःलाच इतका अवघड जात होता की तपासण्यासाठी शेवटपर्यंत पोचता येईना. म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी हा कोड घातला, आणि तो आतच राहिला. पुढं काँट्रातही तोच आला. हे वाचून "बरं, मग?" असं वाटलं असेल तर तुम्ही गेमर. "मग काढला का नाही?" असं वाटलं असेल तर या, चहा घेऊ.

दहावीला 95 टक्के मिळवणारी माझी भाची नर्ड म्हणायची का?

मार्कांवरून सांगता येत नाही. मार्क मिळवणाऱ्याला आपल्याकडं स्कॉलर म्हणतात, आणि स्कॉलर असणं हे शिस्तीचं काम आहे. परीक्षेला काय येणार ते ओळखायचं, तेवढं पक्कं करायचं, बाकीचं सोडायचं. नर्डला नेमकं हे सोडणंच जमत नाही. धडा संपला तरी तो तळटिपेत अडकलेला असतो. म्हणून खरे नर्ड कित्येकदा 70 टक्क्यांवर थांबतात आणि शिक्षक म्हणतात, "हुशार आहे, पण लक्ष नाही." लक्ष असतं. भलत्या ठिकाणी असतं, एवढंच.

नर्ड व्हायला चष्मा लागतो का?

नाही. तो सिनेमावाल्यांनी दिलेला आहे.

मोबाइलवर खेळणाऱ्याला पीसीवाले गेमर मानत नाहीत. बरोबर आहे का?

हा वाद आमच्या मागच्या खोलीत रोज होतो आणि मला त्यात काडीचाही अर्थ दिसत नाही. आपल्याकडं गेमिंग घराघरात पोचलं ते 2016 साली जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला म्हणून, आणि ते मोबाइलवरच पोचलं. ग्राफिक्स कार्डाच्या किमतीत पोराच्या डिप्लोमाची एका वर्षाची फी निघते. कागल-गडहिंग्लजच्या पोरानं ते घ्यायचं कुठून? चार बोटांच्या क्लॉ पकडीनं, जायरोस्कोप (फोन तिरपा करून नेम हलवायची सोय) चालू ठेवून, हलत्या माणसावर नेम धरणारं पोरगं मोबाइलवर आहे म्हणून कमी ठरत नाही.

फरक आहे तो यंत्रात. 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या, स्क्रीनवर एक चित्र साधारण 16.7 मिलिसेकंद टिकतं, 120 हर्ट्झवर 8.3. म्हणजे समोरचा माणूस कोपऱ्यावर आला हे एकाला दुसऱ्याच्या आधी दिसतं. त्यावर पिंग आलं, म्हणजे तुमचा फोन आणि सर्व्हर यांच्यातल्या जाण्यायेण्याचा वेळ. संध्याकाळी आख्ख्या गल्लीत एकदम रील सुरू झाल्या की ते चढतं आणि पोरगं "लॅग मारतंय" म्हणून ओरडतं. बऱ्याचदा ते खरं असतं. कधी कधी ती हरल्याची सबबही असते.

आमची आई कँडी क्रश खेळते. ती गेमर?

हो. रोज खेळते, जिंकायचं असतं, लेव्हल अडकली की भाजी करपते. अजून काय पाहिजे? लॉकडाऊनमध्ये लुडो किंगवर आख्खी भावकी एकमेकांच्या सोंगट्या मारत होती, तेव्हा कुणी "तुम्ही खरे गेमर नव्हे" म्हणालं नाही.

मुली गेमर असतात का?

असतात. पुष्कळशा माइक बंद ठेवून खेळतात, कारण आवाज ऐकला की स्क्वॉडमधली पोरं एक तर शिकवायला लागतात नाहीतर नंबर मागतात. पोरांनो, हे तुमच्यासाठी लिहिलंय.

गेमर आणि नर्ड दोन्ही असलेल्यांची उदाहरणं द्या की.

हा माझ्या आवडीचा प्रश्न आहे, तेव्हा जरा ऐसपैस बसतो.

टेट्रिस घ्या. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी 1984 साली मॉस्कोत तो बनवला. पुढं निन्टेंडोवर आला, तेव्हा 29 व्या लेव्हलला ठोकळे इतक्या वेगानं पडायला लागायचे की तिथं खेळ संपलाच असं सगळे धरून चालायचे. कंट्रोलरवरचं बटण दाबून ठेवलं तर ठोकळा कडेला पोचतच नव्हता. मग खेळाडूंनी बटण कसं दाबायचं यावरच डोकं चालवलं. आधी अंगठा थरथरवत भराभर दाबायला लागले. पुढं एका हातानं बटणावर बोट टेकवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीमागून एकामागून एक आपटायची, अशी रोलिंगची पद्धत निघाली. 29 वी लेव्हल ओलांडली गेली. दरम्यान दुसऱ्या काहींनी गेमचा कोडच उघडून वाचला आणि सांगितलं की 155 व्या लेव्हलपासून पुढं, अमुक तऱ्हेनं ओळ उडवली तर प्रोग्राम स्वतःच कोसळेल. आणि 21 डिसेंबर 2023 ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या 13 वर्षांच्या विलिस गिब्सननं 157 व्या लेव्हलला तो खरंच कोसळवला. बोटं गेमरची होती, नकाशा नर्डांनी काढून ठेवला होता.

दुसरं उदाहरण फोल्डिटचं. वॉशिंग्टन विद्यापीठाचा हा गेम प्रथिनांच्या घड्या घालण्याचा आहे. स्क्रीनवर साखळी असते, ती वाकवायची, पिळायची, जितकी नेटकी बसेल तितके गुण. माकडांमधल्या एका विषाणूच्या एन्झाइमची रचना शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे उलगडत नव्हती. 2011 मध्ये या खेळाडूंनी अवघ्या तीन आठवड्यांत तिचा इतका चांगला नमुना काढून दिला की शास्त्रज्ञांना पुढची रचना सोडवता आली. त्यातल्या बहुतेकांचा जीवशास्त्राशी काही संबंध नव्हता.

आणि डेमिस हसाबिस. लहानपणी बुद्धिबळात चमकले, विशीच्या आत थीम पार्क या गाजलेल्या व्हिडिओ गेमच्या कामात होते, पुढं 2010 मध्ये डीपमाइंड काढली. त्यांच्या यंत्रांना त्यांनी आधी गेम खेळायला शिकवलं आणि मग प्रथिनांच्या रचना ओळखायला. 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी मिळालं. घरी पोरगं "गेम खेळून नोबेल मिळतंय" असं म्हणून हे नाव पुढं करेल. त्याला विचारा, मधली पीएचडी कुठाय?

आणि नर्ड आहेत पण गेमर नाहीत, असे? कोल्हापुरातले सांगा.

कोल्हापूर म्हटलं की लोकांना रांगडेपणा आठवतो, मिसळ आठवते, तांबडा-पांढरा आठवतो. पण या गावात नर्डांची परंपरा भक्कम आहे, फक्त कुणी तिला तसं म्हटलेलं नाही.

बाबूराव पेंटर बघा. नाटकांचे पडदे रंगवणारा माणूस. सिनेमा बघितला आणि तो कसा होतो यानं त्यांना आणि त्यांचे बंधू आनंदराव यांना पछाडलं. प्रोजेक्टर मिळवला आणि कॅमेरा इथंच घडवायचं डोक्यात घेतलं. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, दामल्यांसारख्या सहकाऱ्यांना घेऊन कॅमेरा पुरा केला, आणि 1920 मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' आला. त्या काळात कॅमेरा परदेशातून मागवता येत होता. तरी स्वतः करायचा हा हट्ट नर्डाचाच.

जयंत नारळीकर जन्मले कोल्हापुरात, 1938 साली. वाढले बनारसला, गेले केंब्रिजला. विश्व एका महास्फोटातून सुरू झालं हे जवळजवळ सगळ्यांनी मान्य केल्यावरही ते अखेरपर्यंत शंका विचारत राहिले, आणि वर विज्ञानकथाही लिहिल्या.

नाव नसलेले तर शिवाजी उद्यमनगरात गल्लोगल्ली भेटतील. बंद पडलेल्या परदेशी मशीनचा पार्ट मिळत नाही म्हणून लेथवर तसाच्या तसा करून देणारे मिस्त्री. एखाद्याला "कसं केलं?" विचारून बघा. हातातलं काम ठेवून अर्धा तास सांगतील, आणि तुम्हाला अर्ध्याहून जास्त कळणार नाही. कास्टिंगच्या या धंद्यात, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत, असल्या माणसांच्या जिवावर किती ऑर्डरी वेळेत गेल्या असतील ते मालकांना विचारा.

पेठेतली पोरं फुटबॉलचा गेम खेळतात, त्यांना काय म्हणायचं?

त्यांना काही म्हणू नका, ती ऐकत नाहीत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच बघून आलेली पोरं रात्री आमच्याकडं कंट्रोलर घेऊन तोच सामना पुन्हा मांडतात. गेममध्ये आपल्या तालमीची टीम नसते, म्हणून काही जण तासभर खर्चून एडिट मोडमध्ये जर्सी रंगवतात, खेळाडूंची नावं टाकतात, कोणाचा डावा पाय किती भारी यावरून आकडे ठरवतात, आणि त्या आकड्यांवरून खरी भांडणं होतात. जर्सी रंगवणारा नर्ड. "रंगव लवकर, मला खेळायचंय" म्हणणारा गेमर.

बुद्धिबळ गेमिंगमध्ये धरायचं का?

2025 मध्ये रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये बुद्धिबळ होतं आणि मॅग्नस कार्लसन जिंकला. आयोजकांनी धरलंय, आपण कशाला अडवा?

पोरगा म्हणतो ई-स्पोर्ट्समध्ये करिअर करणार. काय सांगू?

आधी जे खरं आहे ते मान्य करा, नाहीतर तो तुमचं पुढचं ऐकणार नाही. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते, तिथं गुजरातच्या तीर्थ मेहतानं हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये ब्राँझ मिळवलं. पुढच्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सना पदकाचा दर्जा मिळाला. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडं दिले. म्हणजे हे हवेतलं नाही.

आता दुसरी बाजू. स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेऊन आला. त्याच्या खेळाला शूटिंग रेंज आहे, प्रशिक्षक आहेत, संघटना आहे, रेल्वेची नोकरी होती. आणि मुख्य म्हणजे रायफल नेमबाजी हा खेळ कुणा कंपनीच्या मालकीचा नाही. पब्जी मोबाइल 2 सप्टेंबर 2020 ला बंद झाला. ज्यांनी त्यावर दोन-दोन वर्षं घातली होती त्यांचा खेळ एका सरकारी आदेशानं गेला. जुलै 2021 ला त्याचाच भारतासाठीचा अवतार बीजीएमआय आला, जुलै 2022 ला तोही स्टोअरवरून निघाला, मे 2023 ला परत आला. मधे फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायर बंद. मल्लखांबावर अशी बंदी येत नाही.

म्हणून आमच्याकडं येणाऱ्या पोरांना मी विचारतो, तुझा गेम उद्या बंद झाला तर तुझ्याजवळ काय उरतं? नुसता रँक असेल तर काही उरत नाही. पण टीम सांभाळणं, मॅचचं विश्लेषण करणं, व्हिडिओ एडिटिंग, समालोचन, स्पर्धेचं नेटवर्क उभं करणं यातलं काही शिकला असेल तर ते दुसऱ्या गेममध्येही चालतं. ही सगळी नर्डाची कामं आहेत, बघा.

ऑनलाइन रमी आणि फँटसी टीम लावणारे गेमर असतात का?

नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यासाठी पैशाचे व्यवहार हाताळणं यावर त्यात बंदी आहे. गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ई-स्पोर्ट्स त्यात वेगळे काढलेत, त्यांना मान्यताच आहे. "मी गेमर आहे" म्हणत कुणी घरातले पैसे रमीत घालत असेल तर त्याला या पानाची नव्हे, घरच्यांनी समोर बसवायची गरज आहे.

किती खेळलं की व्यसन म्हणायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, गेमिंग डिसऑर्डर आहे. ती 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. तिच्यात तासांचा आकडा दिलेला नाही. तीन गोष्टी बघतात. खेळण्यावर ताबा राहत नाही. बाकीच्या आवडी आणि रोजची कामं मागं पडून गेम पुढं येतो. आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. याचा घरावर, शिक्षणावर, कामावर ठळक परिणाम झालेला हवा, आणि हे साधारण 12 महिने चाललेलं हवं. सुट्टीत आठ दिवस पहाटेपर्यंत खेळला म्हणून आजारी म्हणू नका. कॉलेज सोडलं, मित्र सोडले, खेळायला मिळालं नाही की हाणामारीवर येतो, तर वायफायचा पासवर्ड बदलून भागणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडं न्या.

नर्डालाही असं होतं का? नादाला लागलेला माणूस जेवणखाण विसरतो, ते आपल्याकडं कौतुकानं सांगतात. तोच नियम लावा.

गेम आवडतो तर गेम बनवायला शिकेल का?

शिकेलच असं नाही. खेळणं आवडणाऱ्याला बहुतेकदा बनवणं कंटाळवाणं वाटतं, कारण एकच दार उघडताना भिंतीत अडकू नये म्हणून दोन दिवस जातात. तपासायचा स्वस्त मार्ग आहे. गोडो हे गेम बनवायचं इंजिन फुकट आहे, थ्रीडी आकृत्या करायचं ब्लेंडर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला एक छोटा गेम पुरा करायला सांगा. पुरा केला तर बघा पुढचं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये 'राजी' काढला, राजस्थानी वास्तुकला आणि पुराणकथांवरचा. म्हणजे पुणे-बंगळूर हायवेवरच हे काम चाललेलं आहे.

लग्नाच्या बायोडेटात छंद म्हणून 'गेमिंग' लिहावं का?

लिहा. मुलीचे मामा विचारतील, "म्हणजे नेमकं काय?" तेव्हा रमी नव्हे हे पहिल्या वाक्यात सांगा.

गेमरसाठी आणि नर्डसाठी वेगळा पीसी घ्यावा लागतो का?

बजेट एकच असेल तर पैसे वेगळ्या ठिकाणी घालायचे. गेमरचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला आणि त्याला साजेशा मॉनिटरला. 144 हर्ट्झचा मॉनिटर घेऊन कार्ड सेकंदाला 50 फ्रेमच (चित्रं) देत असेल तर मॉनिटरचे पैसे वाया. नर्डला आधी रॅम, कारण तो एका वेळी चाळीस टॅब, दोन व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारे कॉम्प्युटर) आणि एक अर्धवट प्रोजेक्ट उघडून बसतो. मग एसएसडी. कार्ड नंतर टाकता येतं, मात्र पॉवर सप्लाय पहिल्यांदाच चांगला घ्या. केबिनेटमधले रंगीत दिवे दोघांनाही लागत नाहीत, पण गेमर ऐकत नाही.

आणि यूपीएस दोघांनाही घ्यायचा आहे. पावसाळ्यात आपल्याकडं लाइट कधी डोळा मिचकावेल सांगता येत नाही. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर 600 व्हीएचा साधा यूपीएस तो भार पेलत नाही, ऐन मॅचमध्ये बंद पडतो. पॉवर सप्लायवरचा वॅटचा आकडा लिहून आणा, त्याप्रमाणे सांगतो. दुकान सोमवारी बंद असतं.